पावसानंतरची किनारवाट

प्रस्तावना

पावसाळा म्हटला की मराठी वाचकाच्या मनात मृग नक्षत्र, जूनचा पहिला आठवडा आणि पश्चिमेकडून चढत येणारे काळे ढग उभे राहतात. दसरा आला की कोकणातली छत्री खुंटीवर जाते. याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, खरा पाऊस सुरू होतो. तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर हे पावसाचे मुख्य महिने असतात. ईशान्येकडून वाहणारे वारे बंगालच्या उपसागरावरून येताना बाष्प घेऊन येतात आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर ते रिते करतात. अशा पावसानंतर काही दिवसांनी एखादा लहान गट किनाऱ्यावरच्या रानात पायी फिरावयास गेला, तर त्याला काय दिसते, कशाची काळजी घ्यावी लागते आणि त्या वाटेशी मराठी माणसाचे कोणते नाते आहे, हे या पाठात तुम्ही वाचणार आहात. पाठ वाचताना भारताचा नकाशा जवळ ठेवा. कुंभकोणम, वेदारण्यम आणि कोडिक्करै ही तीन ठिकाणे त्यावर शोधा.

मूळ पाठ

आडुतुरै हे कुंभकोणमच्या पूर्वेला साधारण बारा-तेरा किलोमीटरवर, तंजावर–मयिलाडुतुरै लोहमार्गावर वसलेले छोटे नगर आहे. तमिळमध्ये ‘तुरै’ म्हणजे नदीचा घाट. या गावाचे जुने नाव ‘तेनकुरंगाडुतुरै’ असे आहे. ‘कुरंगु’ म्हणजे माकड, आणि ‘आडु’ म्हणजे खेळणे किंवा नाचणे. दक्षिणेकडचा, माकड खेळले तो घाट, असा त्याचा अर्थ होतो. सुग्रीवाने येथे शिवाची उपासना केली, अशी स्थानिक कथा आहे. लोकांच्या तोंडी नाव झिजत झिजत ‘आडुतुरै’ झाले, आणि कथेचा नायक जो वानर, तोच नावातून गळून पडला.

शेतीच्या जगात मात्र हे नाव वेगळ्या कारणाने प्रसिद्ध आहे. १९२२ साली येथे भातसंशोधन केंद्र सुरू झाले. आज ते तमिळनाडू भात संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. येथे तयार झालेल्या भाताच्या वाणांच्या नावांत ‘ए.डी.टी.’ ही गावाची आद्याक्षरे असतात. १९६०च्या दशकात आलेले ‘ए.डी.टी. २७’ हे वाण तंजावर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या घरोघरी पोहोचले होते. कावेरीच्या पाण्यावर येथे कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे हंगाम घेतले जातात. सांबा हा त्यांतला लांब मुदतीचा हंगाम. ईशान्येचा पाऊस याच पिकाच्या अंगावर पडतो. बेताने पडला तर दाणा भरतो, एकदम कोसळला तर उभे पीक पाण्यात बुडते. म्हणून येथील शेतकरी पावसाकडे प्रेमाने पाहतो खरा, पण एक डोळा आकाशावर ठेवूनच.

डिसेंबरमध्ये चार दिवस झड लागून उघडीप झाली, की आडुतुरैहून किनाऱ्याकडे जाण्यास चांगला काळ असतो. पाच-सहा जणांचा गट पहाटे निघतो. कोडिक्करै येथून शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर आहे. कुंभकोणम, नीडामंगलम, मन्नारगुडी, तिरुत्तुरैप्पूंडी, वेदारण्यम असा हा रस्ता बसने ओलांडावा लागतो. दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरे, त्यांच्या बांधांवरून वाहणारे गढूळ पाणी आणि मध्येच एखादा कमळांचा तलाव. चालण्याचा भाग नंतर येतो. तरीही ही बसची वाट घाईने उरकण्यासारखी नाही, कारण तिच्यावरून पूर्वी दोन प्रकारची माणसे पायी गेली आहेत.

यात्रेकरूंची वाट

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरचे राज्य हाती घेतले. भोसले घराण्याची सत्ता तेथे १८५५ पर्यंत राहिली. या राजांनी तंजावर ते रामेश्वर या यात्रेच्या मार्गावर ठिकठिकाणी ‘छत्रे’ बांधली. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. पण केवळ झोपण्यापुरती नव्हे. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र ही त्यांतली प्रसिद्ध नावे. छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे देण्याची पद्धत होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. किनाऱ्यावरच्या एका गावाचे तर नावच ‘सेतुभावाछत्रम’ असे आहे.

दुसरे सरफोजी हे १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर होते. १७९९ मध्ये राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा या छत्रांचे उत्पन्न बंद होईल अशी भीती निर्माण झाली. १८०१ साली सरफोजींनी इंग्रज अधिकाऱ्यांना पत्र लिहून छत्रे चालू ठेवण्याचा आग्रह धरला. छत्रात येणाऱ्या सर्व जातींच्या माणसांना अन्न मिळते, लहान मुलांना दूध मिळते, आजारी वाटसरूला वैद्य आणि औषध मिळते, वाटेत एखादी स्त्री बाळंत झाली तर तिची काळजी घेतली जाते, मुलांना शिकविण्यासाठी शिक्षक असतात, असे त्यांनी त्यात कळविले होते. हातातून राज्य गेलेला राजा वाटसरूंच्या जेवणासाठी भांडतो, हे त्या पत्राचे मोल आहे. काशीहून किंवा पंढरपूरकडून रामेश्वरला पायी निघालेल्या माणसाला या छत्रांच्या ओसरीवर आपली भाषा बोलणारा कोणीतरी भेटत असे. आजही तंजावर-कुंभकोणम भागात मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांच्या मराठीत जुने शब्द टिकून आहेत आणि तमिळ वळणेही मिसळली आहेत.

या राजांची एक खूण थेट समुद्रालाही लागून आहे. सेतुभावाछत्रमच्या परिसरात सरफोजींनी १८१४-१५ मध्ये आठ मजली षट्कोनी बुरूज बांधला. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे स्मारक म्हणून तो उभारला गेला. त्यावर मराठीसह अनेक भाषांत लेख कोरलेला आहे. तमिळ लोक त्याला ‘मनोरा’ म्हणतात. आपला मराठी शब्दच तेथे त्या बुरजाचे नाव होऊन बसला आहे. युरोपातल्या लढाईचे स्मारक पाल्कच्या सामुद्रधुनीवर का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. राज्य गमावलेल्या राजाला इंग्रजांची मर्जी सांभाळावी लागत होती, एवढे ध्यानात घेतले की उत्तर मिळते.

मिठासाठी चाललेली वाट

याच रस्त्यावरून १९३० साली दुसरी पदयात्रा गेली. महात्मा गांधींच्या दांडीयात्रेनंतर चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिरुचिरापल्लीहून १३ एप्रिल रोजी सुमारे शंभर निवडक स्वयंसेवकांसह कूच केले. तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी या मार्गाने सुमारे २४० किलोमीटर चालून ते २८ एप्रिलला वेदारण्यमला पोहोचले आणि ३० एप्रिल रोजी त्यांनी मिठाचा कायदा मोडला. तंजावरचा जिल्हाधिकारी थॉर्न याने सत्याग्रहींना अन्न किंवा आसरा देणाऱ्यांना शिक्षा होईल, असे जाहीर केले होते. गावकरी मोठे हुशार निघाले. त्यांनी जेवणाच्या शिदोऱ्या वाटेवरच्या झाडांना बांधून ठेवल्या. झाडाला कोणते कलम लावणार?

पाठगत प्रश्न
१. ‘आडुतुरै’ या नावातून कथेतील कोणता शब्द गळून पडला आहे?
२. छत्रांमध्ये वाटसरूंना कोणत्या सोयी मिळत असत, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘झाडाला कोणते कलम लावणार?’ या वाक्यातील ‘कलम’ या शब्दाचे दोन अर्थ सांगा.

रानात पाऊल

वेदारण्यमच्या दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर कोडिक्करै आहे. ‘कोडि’ म्हणजे टोक आणि ‘करै’ म्हणजे किनारा. नकाशात पाहिले तर नावाची सार्थकता कळते. उत्तरेकडून सरळ खाली आलेला किनारा येथे एकदम काटकोनात पश्चिमेकडे वळतो. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला पाल्कची सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडे श्रीलंका. १९६७ साली येथे अभयारण्य घोषित झाले. २००२ मध्ये या परिसरातील पाणथळ प्रदेशाला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

अभयारण्यात वन विभागाची परवानगी घेऊनच जावे लागते. माहीतगार माणूस बरोबर असणे उत्तम. गट लहान असावा, असा आग्रह का धरावयाचा, ते आत शिरल्यावर आपोआप समजते. वीस माणसे चालू लागली की बोलणे सुरू होते, आणि मागच्याला काही दिसण्याआधीच पुढचे हरीण पळालेले असते. पाच माणसे एकामागे एक, न बोलता चालू शकतात.

हे रान सह्याद्रीतल्या रानासारखे उंच नाही. झाडे बुटकी, गच्च आणि बारमाही हिरवी आहेत. याला शुष्क सदाहरित वन म्हणतात. रांजण किंवा खिरणी या नावाने आपण ओळखतो, ते चिवट लाकडाचे झाड येथे मुबलक आहे. तमिळ माणूस त्याला ‘पालै’ म्हणतो. पीलूची झुडपेही दाट वाढतात. यांच्यामध्ये घुसखोराप्रमाणे पसरली आहे ती वेडी बाभूळ. ही मूळची अमेरिकेकडची. जळणासाठी तिची लागवड झाली आणि गुरांनी शेंगा खाऊन तिचे बी दूरवर नेले. जेथे ती माजते, तेथे गवताची मोकळी कुरणे आक्रसतात. काळविटाला तर मोकळे कुरणच हवे असते. म्हणून वन विभागाला ती पुन:पुन्हा उपटावी लागते.

पावसाने धुतलेल्या वाटेवर पहिली गंमत पायाखालीच असते. कोरड्या वाळूत पावलांचे ठसे ढासळतात. ओल्या मातीत ते एखाद्या पाटीवर लिहिल्यासारखे उमटतात. अक्षरओळख नसलेला माणूसही हे पुस्तक वाचू शकतो. पुढे निमुळते, दोन फाकांचे, नाजूक ठसे असतील तर ते काळविटाचे किंवा चितळाचे. तसेच, पण रुंद आणि मागे दोन लहान टिंबे असलेले ठसे रानडुकराचे. चार बोटे आणि त्यांच्या पुढे नखांच्या खुणा दिसल्या तर रात्री तेथून कोल्हा गेला, असे समजावे. आणि मध्येच एखादा अखंड, गोल खूर उमटलेला दिसतो. हरणांच्या अभयारण्यात घोडा कोठून आला? येथे मोकाट सुटलेली, रानटी बनलेली तट्टे आहेत. पिढ्यान्पिढ्या ती येथेच वाढली. दिसायला ती देखणी असतात, पण काळवीट ज्या गवतावर जगते तेच गवत तीही खातात. एक ठसा दुसऱ्या ठशावर पडलेला असतो, तेथे या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही, एवढेच म्हणता येते.

रान संपून कुरण उघडले की गट थांबतो. दूरवर काळविटांचा कळप दिसतो. नराची पाठ काळसर, पोट पांढरे, शिंगे पीळदार. मादी फिकट तपकिरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या प्राण्याला सर्वांत कडक संरक्षण दिलेले आहे. पावसात सखल भाग पाण्याखाली जातात, तेव्हा कळप उंचवट्यांवर एकत्र येतात. अशा वेळी त्यांच्या दिशेने जाणे म्हणजे त्यांना पाण्यात ढकलणे होय. गटाने जागच्या जागी बसून पाहावे. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला दुर्बिणीवाचूनही पुष्कळ दिसते.

चिखल, वाळू आणि पाणी

कोडिक्करैच्या वायव्येकडे खारट दलदलीचा विस्तीर्ण पट्टा आहे. उन्हाळ्यात तो वाळून पांढरा पडतो आणि पावसात गोड्या पाण्याने भरतो. पावसानंतर येथे फसण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. वरचा थर उन्हाने सुकून टणक वाटतो. खाली मात्र गुडघाभर चिखल असतो. म्हणून काठीने टोचून पाहिल्यावाचून पाऊल टाकू नये. जेथे मोरससारखी मांसल पानांची खारी झुडपे उगवलेली असतात, तेथे जमीन त्या मानाने घट्ट असते. जेथे काहीच उगवलेले नाही आणि पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत आहे, तेथे जाऊ नये. एखाद्याचा पाय रुतलाच तर त्याने दुसरा पाय जोराने रोवून ओढाताण करू नये. मागे रेलून भार पसरावा आणि इतरांनी लांबूनच काठी द्यावी. सगळे मदतीला धावले तर सगळेच अडकतात.

खाडीचे तोंड ओलांडण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे. काल घोट्यापर्यंत असलेले पाणी आज पावसाने आणि भरतीने कमरेपर्यंत आलेले असू शकते. पाणी गढूळ असल्याने तळ दिसत नाही. स्थानिक कोळ्याने ‘नको’ म्हटले की वाद घालू नये. आकाशात गडगडाट सुरू झाल्यास उघड्या किनाऱ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहणे हे तर सर्वांत पहिले काम. या किनाऱ्यावर नोव्हेंबर-डिसेंबर हे चक्रीवादळांचेही महिने आहेत. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमच्या जवळच किनाऱ्यावर आले. लाखो नारळ उन्मळले, अभयारण्यातील प्राणी मेले, मिठागरांवर चिखल पसरला. त्याच्या चौदा वर्षे आधी, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामीने हाच किनारा झोडपला होता. येथील माणसे तारखा सांगताना ‘सुनामीच्या आधी’, ‘गजच्या नंतर’ असे सांगतात, ते उगाच नव्हे.

वाळूच्या टेकड्यांवर चढल्यावर समुद्र दिसतो. पावसाने वाळू घट्ट झालेली असल्याने चालणे सोपे जाते. जांभळ्या फुलांची मर्यादावेल वाळूवर अंथरलेली असते. समुद्राची मर्यादा दाखविणारी म्हणून तिचे हे नाव. ती वाळूला धरून ठेवते. तिच्यावरून चालून तिला तुडवू नये. जवळच टोकदार पानांचे एक गवत असते. त्याचे वाळलेले काटेरी गोळे वाऱ्याने वाळूवरून गडगडत जातात. तमिळ लोक त्याला ‘रावणन मीसै’, म्हणजे रावणाच्या मिशा, असे म्हणतात. लंका समोर असताना दुसरे कोणते नाव सुचणार? रानात एका उंचवट्यावर ‘रामर पादम’ म्हणजे रामाची पावले आहेत. सबंध प्रदेश इतका सपाट की हा काही मीटरचा उंचवटाच येथला डोंगर ठरतो. येथून रामाने लंकेकडे पाहिले, असे सांगतात. आडुतुरैच्या सुग्रीवापासून निघालेला गट येथे रामाच्या पावलांपाशी पोहोचतो.

पाहुणे

दलदलीत पाणी भरले की पक्षी उतरतात. उंच गुलाबी पायांचे रोहित, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, बगळे, कुरव आणि टिलव्यांचे थवे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेने, पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या पुढाकाराने १९८०च्या दशकात येथे पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास केला. पक्षी जाळीत अलगद पकडावयाचा, पायात क्रमांक आणि संस्थेचे नाव असलेले हलके कडे घालावयाचे, वजन घेऊन लगेच सोडून द्यावयाचे, असे हे काम असते. तो पक्षी पुढे दुसऱ्या देशात सापडला तर त्याचा प्रवास कळतो. चिमणीएवढा टिलवा उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात अंडी घालतो आणि हिवाळ्यात येथल्या चिखलात अळ्या टिपतो. ज्या चिखलाला माणूस भितो, तोच त्याचे ताट असतो. रोहितांचे पूर्वीइतके मोठे थवे आता दिसत नाहीत. पाणी किती खोल आणि किती खारे आहे, यावर त्यांचे खाद्य अवलंबून असते. ते प्रमाण बदलले की पक्षी जागा बदलतात.

परतीच्या वाटेवर वेदारण्यमजवळ अगस्त्यम्पल्लीची मिठागरे लागतात. १९३० च्या सत्याग्रहाची जागा हीच. डिसेंबरात वाफे पावसाच्या पाण्याने भरलेले असतात. काम पूर्ण बंद असते. बांधांवर रचलेले मिठाचे जुने ढीग ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेले असतात, कारण दोन सरी बसल्या की महिन्याची मजुरी विरघळून वाहून जाते. पाऊस थांबून वाफे पुन्हा खारे पाणी घेण्यायोग्य होईपर्यंत मिठागरातल्या कामगारांना दुसरे काम शोधावे लागते. कोणी मासेमारीच्या होडीवर जातो, कोणी भातकापणीला तंजावरकडे येतो.

संध्याकाळच्या बसमध्ये चिखलाने भरलेले पाय घेऊन गट बसतो. याच बसमध्ये मन्नारगुडीपर्यंत जाणारा शेतकरी असतो आणि वेदारण्यमहून कामाच्या शोधात निघालेला मिठागरातला मजूरही असतो. दोघेही खिडकीतून त्याच ढगाकडे पाहतात. शेतकऱ्याला सांब्याच्या लोंब्या भरण्यासाठी आणखी एक सर हवी आहे. मजुराला ती नको आहे.

स्वाध्याय
१. ओल्या मातीतील ठशांवरून प्राणी कसा ओळखता येतो? पाठाच्या आधारे लिहा.
२. मर्यादावेल, रावणाच्या मिशा, मनोरा: या नावांमागील कारणे सांगा. तुमच्या गावातील अशाच एका नावामागची गोष्ट वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
३. शेतकरी आणि मिठागरातील मजूर यांच्यात बसमध्ये होणारा संवाद दहा-बारा ओळींत लिहा.